उलटे तीन ट्रे

सरांनी माझं नाव खाल्लं आणि मी त्याचं उट्टं काढलं. असल्या गोष्टी लोक मनात ठेवतात. मी लिहून ठेवते आहे, कारण मला त्याची लाज वाटत नाही.

आमचं ऑफिस बेलापूरला आणि कोअर-शेड तुर्भ्याला. समुद्रतळाखाली तेलाची विहीर खणताना नळीतून दगडाचा सलग दांडा वर काढतात, त्याला कोअर म्हणतात. त्याचे मीटर-मीटरचे तुकडे ट्रेमधून शेडमध्ये येतात. मग माझ्यासारखं कुणीतरी भिंग, पाण्याची बाटली आणि पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर बसतं. कोणता थर खाली, कोणता वर, कण केवढा, रंग कोणता, हे बोटाबोटानं लिहायचं. या लिखाणाला आम्ही लॉग म्हणतो.

माझ्या वाट्याला आला तो लाल वाळूखडक. वरपासून खालपर्यंत नुसता लाल. एक शिंपला नाही, पानाचा ठसा नाही, वय सांगेल असं काहीच नाही. असला खडक कुणालाच नको असतो. आमच्या विभागाचे प्रमुख म्हणजे सर. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तुझ्यात चिकाटी आहे." काम गळ्यात मारताना ते नेहमी असंच कौतुक करायचे.

चिकाटी होतीच. वर्षभर त्या पत्र्याच्या शेडमध्ये घामाघूम होऊन मी त्या लाल खडकाचे तीन भाग पाडले. खालचा भाग भरड, त्यात काळ्या दगडाचे गोटे. वरचा भाग वाऱ्यानं वाहून आणलेल्या गोल, एकसारख्या वाळूचा. मधला सगळ्यात गडद आणि सगळ्यात अवघड, वाळू आणि चिखल आलटून पालटून. तिथे मला एका जागी कण वर जाताना मोठे होत गेलेले दिसले. किनारा पुढे सरकताना असं होतं, म्हणून मी लिहिलं की इथे मध्येच समुद्र आत येऊन गेला असावा. नखं इतकी लाल झाली होती की आई विचारायची, "रोज कोनाचे मेंदीला जातंस?"

अहवाल छापून आला तेव्हा मुखपृष्ठावर सरांचं एकट्याचं नाव होतं. माझे तीन भाग, माझ्या आकृत्या, माझी वाक्यं जशीच्या तशी आत. शेवटच्या पानावर आभार मानले होते, 'शेडमधील कर्मचारी' यांचे. मी विचारायला गेले तर म्हणाले, "अगं, टीमवर्क असतं हे. नावाचं काय घेऊन बसलीस?"

आई दिवाळे गावच्या बाजारात मासळी विकते. तिला सांगितलं तेव्हा ती कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुजा नाव खाल्ला त्यानी? मंग त्याला सोरू नको."

मी सोडणार नव्हतेच, पण काय करायचं ते सुचत नव्हतं. मग ज्या कंपनीची विहीर होती तिची माणसं कोअर बघायला येणार असं कळलं. पुढची विहीर कुठे खणायची ते ठरायचं होतं. सर सगळं समजावून सांगणार होते आणि मी ट्रे पुसून ठेवायचे होते. ट्रे उचलायला साताऱ्याकडचे काका होते. त्यांनी उमेदीची वर्षं एपीएमसीच्या घाऊक बाजारात कांद्याच्या गोणी वाहिल्या होत्या.

मधल्या भागाचे ट्रे ओल्या स्पंजनं पुसताना एका तुकड्यावर भेग दिसली. चिखल वाळून फाटलेला, भेगेत वाळू भरलेली. आमच्या खाडीकाठी उन्हाळ्यात चिखल असाच फाटतो. लहानपणी मी त्यात बोटं घालायची. भेग वर रुंद असते आणि खाली निमुळती होत जाते. ही खाली रुंद होती आणि वर निमुळती.

मी तुकडा उन्हात नेला. रिगवर, म्हणजे समुद्रातल्या खणायच्या फलाटावर, कोअर काढल्याबरोबर त्यावर दोन रेघा ओढतात, एक लाल आणि एक काळी. तुकडा सरळ धरला की लाल उजवीकडे यायला हवी. पण या गडद लाल दगडावर लाल रेघ मुरून गेली होती. मला वर्षभर फक्त काळी दिसली आणि मी तपासलं नाही. उन्हात तिरपा धरल्यावर लाल रेघ दिसली, डावीकडे. काका मागून म्हणाले, "ताई, ह्यो उलटा हाय का?" एक नव्हे, तीन ट्रेमधले सगळे तुकडे उलटे होते. म्हणजे कण वर जाताना मोठे नव्हे, बारीक होत होते, जसे नदीच्या गाळात होतात. समुद्र कधी आलाच नव्हता. तो मी आणला होता.

आधी वाटलं, माझं वर्ष पाण्यात गेलं. मग हळूहळू बरं वाटायला लागलं. अहवालातलं सरांचं सगळ्यात मोठं विधान याच तीन ट्रेवर उभं होतं. काका तुकडे फिरवायला निघाले, मी त्यांना हात लावू दिला नाही. चार दिवस मी सरांना वाकून नमस्कार तेवढा करायचा बाकी ठेवला, इतकी गोड वागले.

कंपनीच्या बाई आल्या. केस पांढरे, बोलणं मोजकं. सर ट्रेवर बोट ठेवून सांगत होते, "इथं समुद्र आत आला." मी पुढे होऊन त्या तुकड्यावर पाणी मारलं आणि विचारलं, "सर, ही भेग कशी वाचायची?"

सरांनी खिशातून चष्मा काढला. त्यांनी तो तुकडा कधी हातात घेतलाच नव्हता. बाई वाकल्या आणि क्षणात म्हणाल्या, "हे उलटं आहे."

सर माझ्याकडे वळले. ज्या वाक्याची मी चार दिवस वाट पाहत होते, ते त्यांच्या तोंडून आलं. "लॉग हिनं केलाय. चूक हिची आहे."

"हो, माझीच," मी म्हणाले. "पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळा लॉग माझा आहे, म्हणून चूकही माझी. सरांची त्यात एक ओळ नाही."

बाईंनी अहवाल मिटला, मुखपृष्ठ वाचलं आणि शांतपणे विचारलं, "मग इथं तुमचं नाव कसं?" सर ट्रे सरळ लावायला लागले. इतका आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

मधला भाग मी पुन्हा लिहिला. नदीच नदी, समुद्र नाही. नव्या अहवालावर माझं एकटीचं नाव आहे, आणि आत पहिल्याच पानावर आधीची चूक माझी होती तेही छापलंय.

सरांना दुसऱ्या विभागात पाठवलं. महिन्याभरानं ते ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर भेटले. थकलेले दिसत होते. म्हणाले, "तुला आधीच माहीत होतं ना? मला सांगितलं असतंस, तर दोघांचंही नाव वाचलं असतं."

"हो सर," मी म्हणाले. "म्हणूनच नाही सांगितलं."