टॉवरकडे तोंड केलेली किटली

वाढदिवसाला मिळालेला फोन लॅमर्ट ओस्टिंगनं हातोडीनं फोडला तो बेकरीतल्या कॉफीच्या टेबलावर, सकाळी दहा वाजता, पाच जणांसमोर. घाव तीन. पहिल्यात काच गेली, दुसऱ्यात पाठ, तिसरा टेबलाच्या फळीत रुतला. मग त्यानं चष्मा लावला, आतला माल बोटानं सुटा केला आणि सगळ्यांना दाखवला. एक स्क्रू नव्हता. सगळं डिंकानं चिकटवलेलं.

"जे उघडता येत नाही ते आपलं नसतं," तो म्हणाला. "भाड्यानं घेतलेलं असतं."

बेकरीवालीनं हातोडी काढून घेतली. मतं मात्र तशीच चालू राहिली.

लॅमर्ट एल्डरव्हेन गावचाच. सोळाव्या वर्षी तो दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डर म्हणून लागला आणि चव्वेचाळीस वर्षं त्यानं पोलादाला पोलाद जोडलं. त्याचा सांधा कधी गळला नाही. दुसऱ्याचा गळला तर तो छिन्नी घेऊन स्वतः फोडायचा, म्हणजे पुन्हा करावाच लागे. एकदा एका फोरमननं गळकी टाकी 'ठीक आहे' म्हणून पास केली. लॅमर्टनं त्याचं डोकं त्याच टाकीवर आपटलं. दोन आठवडे लॅमर्टला घरी बसवलं. टाकी पुन्हा जोडली गेली, फोरमनचा जबडाही.

निवृत्त झाला तशी हातांना सुट्टी मिळाली आणि तोंड कामावर लागलं. पहाटे सहाला तो टॅब्लेट उघडून बातम्या वाचायचा, दहाला बेकरीत निकाल द्यायचा. बटणं काढून नुसता पडदा बसवलेली गाडी: ज्यानं हातमोजे घालून कधी काम केलं नाही अशा माणसाची कल्पना. दारावरच्या घंटेतला कॅमेरा: शेजाऱ्याला चोर म्हणायचं, पण तोंडावर म्हणायची हिंमत नाही, त्यांच्यासाठी. इंटरनेट मागणारा फ्रिज: थंड करणं जमत नाही म्हणून गप्पा मारतो. मंत्री: आयुष्यात कानस हातात धरली नाही, आणि कानशीचा कायदा करतात. माणसं हसायची. कपात कॉफी पुन्हा भरली जायची. जिभेवरचं काम हातावरच्या कामापेक्षा हलकं, पण दाद जास्त मिळते, हे त्याला उशिरा कळलं आणि फार आवडलं.

एका वसंतात चर्चमागच्या कुरणात मोबाइलचा टॉवर उभा राहिला. बत्तीस मीटर उंच. नगरपालिकेनं गावाला विचारलं नव्हतं, सूचना कुठल्यातरी वेबसाइटवर टाकली होती. लॅमर्टला महिनाभर पुरेल इतका विषय मिळाला. रोज एक बातमी निघायची. कुठल्यातरी प्राध्यापकाला म्हणे उंदरांच्या मेंदूत काहीतरी सापडलं. प्राध्यापक कोण, उंदीर किती, हे लॅमर्टनं पाहिलं नाही. सांधा न तपासता त्यानं माल पुढे दिला. कारखान्यात त्यानं एवढ्यासाठी माणसाचा जबडा मोडला होता.

"माझ्या हद्दीत न विचारता कुणी खांब रोवला असता," तो म्हणाला, "तर संध्याकाळच्या आत आडवा केला असता."

टेबलाच्या टोकाला बेरेंड स्टेल बसायचा. डुकरं पाळणारा, पन्नाशीचा, मानेला बैलासारखी वळी. तो हसायचा नाही. त्याच्या बायकोच्या, मार्गीनच्या डोक्यात त्याच उन्हाळ्यात गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, ती कित्येक वर्षांची असावी. बेरेंडनं डॉक्टरांचं ऐकलं आणि लॅमर्टचंही ऐकलं. लॅमर्टचं समजायला सोपं होतं. सव्वा वर्ष झगडून मार्गीन पुढच्या ऑक्टोबरात गेली. तिला पुरून आला त्याच आठवड्यात बेरेंडनं टॉवरच्या कुंपणावर ट्रॅक्टर घातला. दोन खांब वाकले. पोलिसांना कुणी नाव सांगितलं नाही.

लॅमर्टची मुलगी हिली हे सगळं ऐकून होती. ती एकुलती एक. आई लवकर गेली, बापानं वाढवली. नवव्या वर्षी तिला त्यानं वेल्डिंग शिकवलं आणि पहिला सांधा बिघडवला म्हणून त्याच रात्री उपाशी ठेवलं. आता ती छत्तीसची होती आणि पोटासाठी टॉवर चढत होती. दोरावर लटकून अँटेना बसवायच्या, उतरवायच्या. दर रविवारी ती वाटाण्याचं घट्ट सूप प्यायला बापाकडे यायची. डिसेंबरातल्या एका रविवारी ती कपाळाला टाके घेऊन आली. शेजारच्या गावात कुणीतरी खालून दगड मारला होता.

लॅमर्ट उठला. कोण, कुठला, नाव सांग, म्हणाला. तो कोट चढवायला लागला.

"बसा, बाबा," हिली म्हणाली. "त्याला मी विचारलं, का मारलास? तर म्हणे एल्डरव्हेनमध्ये एक म्हातारा आहे, त्याला सगळं माहीत आहे. तुम्ही मतं कॉफीबरोबर पिता आणि विसरता. लोक ती घरी घेऊन जातात."

लॅमर्ट म्हणाला की देश स्वतंत्र आहे आणि बोलायला बंदी नाही. ती म्हणाली की मग वर लटकलेल्या माणसालाही जिवंत उतरायचं स्वातंत्र्य असावं. त्यानं वाडगा भिंतीवर फेकला. तिनं डाव घेऊन दुसऱ्या वाडग्यात सूप वाढलं, उभ्यानं प्यायली आणि गेली. त्या दिवशी भिंतीवरचं सूप त्यानं पुसलं नाही. पुसायला हवं होतं. ते वाळल्यावर दुप्पट मेहनत पडते.

तीस डिसेंबरला टॉवरची केबल कुणीतरी कुऱ्हाडीनं तोडली. एल्डरव्हेन आणि आसपासची तीन गावं मुकी झाली. तारेचे जुने फोन लोकांनी केव्हाच काढून टाकले होते.

एकतीसला दुपारी, वर्ष संपताना, कार्बाइड उडवायची तिथली रीत आहे. दुधाची जुनी लोखंडी किटली आडवी टाकायची, आत ओला कार्बाइड, तोंडावर झाकण ठोकून बसवायचं, आत वायू साठला की मागच्या भोकाला मशाल लावायची. आवाजानं छातीतली हाडं हलतात आणि झाकण कुरणभर उडतं. एल्डरव्हेनमध्ये हे काम लॅमर्टचं. कार्बाइड किती घ्यायचा, किती वेळ थांबायचं, हे गेली चाळीस वर्षं तोच ठरवायचा. जिथं माणसं असतील तिकडे झाकण नाही, रबरी चेंडू. आणि एक नियम सगळ्यांच्या वर: ज्यानं किटली भरली तोच ती सोडेल. दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. पूर्वी एकदा न उडताच गार पडलेली दुसऱ्याची किटली बघायला एक जण वाकला होता. त्याला वरचा ओठ राहिला नाही. तेव्हापासून लॅमर्टनं हा नियम गावाच्या अंगात ठोकून बसवला होता. चुकून जरी कुणी दुसऱ्याच्या किटलीकडे हात नेला तर तो काठीनं मनगटावर मारायचा.

त्या दिवशी तो चर्चमागच्या कुरणात पोचला तेव्हा दोन वाजले होते. सहा किटल्या बांधावर मांडलेल्या होत्या. पाच रिकाम्या, तोंडं शेताकडे. सहावीच्या तोंडाखाली दोन विटा. तिचं तोंड वर, टॉवरकडे. त्यावर लोखंडी झाकण घट्ट ठोकलेलं. मागे बेरेंड, हातात पेटती मशाल. अकरा माणसं अर्धगोलात उभी होती.

टॉवरच्या पायथ्याशी कंपनीची गाडी होती, तिच्या सगळ्या काचा फुटलेल्या. चाकापाशी फेडे पडला होता, हिलीचा कामावरचा जोडीदार. नाक चेहऱ्याच्या एका बाजूला गेलेलं, एक कोपर उलटा. तो तोंडानं श्वास घेत होता आणि प्रत्येक श्वासाला रक्ताचा फुगा यायचा. आणि वर, पंचवीस मीटरवर, पिवळ्या हेल्मेटमध्ये हिली दोरावर होती. केबल जोडायची म्हणून सणाच्या दिवशी तिला पाठवलं होतं. खाली बांधलेली, तिला शिडीकडे ओढून घेणारी दोरी कुणीतरी कापून टाकली होती. तिला शिडीपर्यंत हातानं सरकत यायचं होतं. चार मीटर. ती सरकत होती.

"किती भरलास?" लॅमर्टनं विचारलं. तोंडातून पहिला प्रश्न हाच गेला.

"भरपूर," बेरेंड म्हणाला.

"झाकण काढ."

"तिला उतरवायचंय फक्त. वरचं पाडलं की उतरेल."

"बेरेंड, ती माझी पोर आहे."

"माहीत आहे की." बेरेंडचा आवाज शांत होता. "माझी पण कुणीतरी होती. तूच म्हणालास ना, संध्याकाळच्या आत? मग? दीड वर्ष झालं, म्हाताऱ्या. तू बोलतोस, मी करतो."

लॅमर्टनं अर्धगोलाकडे पाहिलं. या अकरांना तो नावानं ओळखत होता. तो ओरडला की किटली लाथाडा. कुणी हललं नाही. एकानं हात पुढे केला आणि मागे घेतला. भीती होतीच. पण त्याहून मोठं काहीतरी होतं. किटली बेरेंडनं भरली होती. दुसऱ्याच्या किटलीला एल्डरव्हेनमध्ये कुणी हात लावत नाही.

तेव्हा लॅमर्टनं बेरेंडला मारलं. मूठ कानामागे बसली, चांगली बसली, बेरेंडचा एक गुडघा टेकला. पण लॅमर्ट एकोणसत्तर वर्षांचा होता. बेरेंड उठला आणि त्यानं मशालीचा दांडा आडवा फिरवला. बरगड्या मोडल्याचा आवाज अर्धगोलातल्या शेवटच्या माणसालाही आला. लॅमर्ट खाली पडल्यावर बेरेंडनं बुटानं तोंडावर मारलं, एकदा, दोनदा. दात चिखलात पडले. लॅमर्टनं बूट धरून पोटरीला चावा घेतला. उरलेल्या दातांनी जेवढं मांस येईल तेवढं. बेरेंड गुरासारखा ओरडला आणि मशाल उलटी करून त्याच्या पाठीत टेकवली. कोट जळला, मग कातडी. लॅमर्टनं तोंड सोडलं नाही. बेरेंडनं पायाला हिसडा दिला तेव्हा सुटलं.

मग बेरेंड किटलीकडे वळला आणि मशाल भोकाकडे नेली.

लॅमर्टला उभं राहता येत नव्हतं. तो दोन्ही कोपरांवर तीन हात सरपटला. किटलीच्या तोंडाला त्यानं उजवा पाय लावला आणि कंबरेतून सगळा जोर काढून तिला ढकललं. चव्वेचाळीस वर्षं टाक्या लोटलेला पाय. विटांवरून किटली घसरली, तोंड खाली आलं, आणि ती फिरत असतानाच ज्योत भोकात गेली.

त्या स्फोटानं चर्चच्या तीन खिडक्या गेल्या. झाकण लॅमर्टचा पाय गुडघ्याखाली तोडत गेलं आणि पुढे बांधात हातभर घुसलं. किटली मागे उलटी उडाली आणि बेरेंडच्या खांद्यावर आदळली. खांदा जागचा निखळला.

काही वेळ कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. हिली शिडीवर पोचली होती. ती पायऱ्या न मोजता उतरली, कुंपणावरून उडी मारून आली. बापाचा पाय बुटासकट एका बाजूला होता, पुढचं हाड उघडं, रक्त फवाऱ्यानं येत होतं. तिनं कंबरेचा पट्टा सोडवला, मांडीला आवळला, पट्ट्यात पाना घातला आणि पीळ द्यायला लागली. कुणीतरी फोन काढला, पडद्याकडे पाहिलं आणि तो हातात तसाच धरून उभा राहिला. सिग्नल नव्हता.

बेरेंड एका हातानं दुसरा हात छातीशी धरून उभा होता. हिलीनं वर पाहिलं.

"तुझी गाडी कुठंय?"

त्यानं मानेनं दाखवलं.

"जा. जिथं फोन लागेल तिथं थांब आणि बोलव. दोन माणसं आहेत म्हण. एकाचा पाय, एकाचं डोकं. जा ना, डुकरा."

बेरेंड गेला. एका हातानं गाडी चालवत गेला. सात किलोमीटरवर त्याला सिग्नल मिळाला आणि त्यानं जसं सांगितलं होतं तसंच सांगितलं. आपलं नावही सांगितलं.

इकडे अर्धगोल मोडला होता. दोघं फेडेपाशी गेले. बाकीचे हिलीच्या मागे उभे राहिले, काय करायचं ते न समजून. लॅमर्टचा चेहरा राखेसारखा झाला होता, तरी डोळे तिच्या हातांवर होते. ती पाना फिरवत होती, तो बघत होता.

"सैल आहे," तो फुटक्या तोंडानं म्हणाला. "असं नाही धरायचं. आधी..."

हिलीनं एक हात सोडला आणि बापाच्या थोबाडीत मारली. जाड हातमोजा, त्यावर त्याचंच रक्त. आवाज कुरणभर गेला. चिखलात बसलेल्या त्या पोरीनं जन्मात कधी बापाला अरेतुरे केलं नव्हतं.

"गप," ती म्हणाली. "एक शब्द बोललास तर सोडून देईन. समजलं तुला?"

त्यानं मान हलवली.

तिनं पान्यावर पुन्हा दोन्ही हात घेतले, गुडघा टेकवून आधार घेतला आणि आणखी एक पीळ दिला. रक्त थांबलं. रुग्णवाहिका यायला सदतीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तिनं पाना हलू दिला नाही, आणि लॅमर्ट ओस्टिंग शुद्धीवर असूनही काहीही बोलला नाही.