माझी जागा धर

आमच्या चाळीतल्या महिला मंडळात तोंडावर ‘नाही’ कुणी म्हणत नाही. पटलं तर बायका बोलतात, नाही पटलं तर चहाचे कप गोळा करायला उठतात. इतकी वर्षं मंडळाची चिटणीस असूनही हे मला वेळेवर कळत नाही, कारण बैठकीत एकदा मी बोलायला लागले की माझं लक्ष फक्त माझ्याच बोलण्याकडे असतं. “तुझा तोंड सुरू झाला काय कान बंद पडतत,” असं आत्या म्हणते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, वय ऐंशीच्या घरात. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच राहतो. तिची उमेदीची सगळी वर्षं गिरणीत सूत गुंडाळण्यात गेली आणि माझी सरकारी कचेरीत फायली गुंडाळण्यात.

एका दुपारी मंडळात एका संस्थेची मुलगी बोलायला आली. शेजारच्या देशात कपडे शिवणाऱ्या बायकांबद्दल सांगत होती. हे कपडे पुढे आपल्याकडच्या मोठ्या दुकानांत येतात. शिवणाऱ्या बायकांना मात्र लघवीला जायचं तर परवानगी मागावी लागते, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. कारखान्याची दारं बाहेरून लावून टाकतात. तिनं टेबलावर एक साधा कुडता ठेवला आणि तो किती हातांतून आला असेल ते आम्हाला विचारलं. आम्ही म्हटलं, तीन-चार. ती कापसाच्या शेतापासून मोजत गेली आणि आमची बोटं संपली.

आमच्या चाळीत घरटी कुणी ना कुणी गिरणीत होतं, त्यामुळे कुणाला फार समजावून सांगावं लागलं नाही. मला रडू आलं. रडून झालं की मला राग येतो, हा माझा जुना रोग. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की परळच्या मॉलमध्ये त्या कंपनीचं दुकान आहे, आपण फलक घेऊन तिथे उभं राहायचं आणि कंपनीकडून लेखी उत्तर मागायचं. सगळ्या हो म्हणाल्या. फक्त आमची भिंतीपलीकडची शेजारीण कप गोळा करायला उठली. मला वाटलं, काय कामसू बाई आहे!

मंडळात तिचं अक्षर सगळ्यांत सुंदर, म्हणून फलकही तिच्याकडेच दिले. तिनं दोन दिवस बसून ‘दारं उघडा’ असं लाल रंगात झकास लिहून आणून दिलं.

तिसऱ्या दिवशी मी ओट्यापाशी घोषणांची तालीम करत होते. आत्या खाली बसून माठाची भाजी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “त्या दुकानात कोण कामाक आसा, म्हायत आसा तुका?”

“कोण?”

तिनं हनुवटीनं भिंत दाखवली. “हिचा चेडू.”

शेजारणीची मुलगी मॉलमध्ये लागली आहे एवढं मला ठाऊक होतं. मी तिला ‘मॉलवाली’ म्हणून चिडवायचेसुद्धा. पण कुठलं दुकान, हे विचारायची बुद्धी मला झाली नव्हती. पोरीला लागून साडेचार महिने झाले होते. नोकरी पक्की व्हायला जेमतेम दीड महिना उरला होता, आणि मी तिच्याच आईच्या हाती फलक देऊन त्या आईला पोरीच्याच मॅनेजरसमोर उभी करणार होते.

त्या वेळी मी जे बोलले ते लिहायची लाज वाटते. मी म्हटलं, “मग तिनं दुसरीकडे बघावं. तिकडे बायकांना कोंडून घालतात आणि आपण हिच्या नोकरीपायी गप्प बसायचं?”

आत्यानं भाजी बाजूला सारली. “लांबचा दिसता तुका, हयसरचा दिसना नाय. धा तास ता चेडू उभा रवता. घरी इला काय आई तेचे पाय चेपता. माका भिंतीतून आयकाक येता.”

मी तशीच उठून पलीकडे गेले. पोरगी मिठाच्या गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसली होती. पावलं घोट्यापर्यंत सुजलेली होती. मला बघून तिच्या आईनं घाईघाईनं पदरानं खुर्ची पुसली.

“अगं, बोलली का नाहीस?” मी विचारलं.

“तू इतकं छान बोलत होतीस,” ती म्हणाली, “मध्येच कुठे तोडायचं!”

पोरगी मात्र हसली. “काकी, तुम्ही मोर्चा काढाच. ते कपडे घडी कोण करतं? मीच ना. कधी कधी शिलाईवर बोट फिरवते आणि वाटतं, जिनं शिवलंय तिनं आज पाणी प्यायलं असेल का. फक्त बुधवारी काढा, तेव्हा माझा वीकली ऑफ असतो. आणि आईला बोर्ड नका देऊ.”

“तिथे बसायला स्टूलबिल काही नाही?”

“अलाउड नाही. कस्टमर नसला तरी उभंच राहायचं. वर कॅमेरा आहे.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कचेरीत माझ्या खुर्चीच्या गादीसाठी मी तीन अर्ज केले होते आणि चौथ्यांदा भांडून ती मिळवली होती. सीमेपलीकडच्या बायकांसाठी मी ढसाढसा रडले होते, आणि एका विटेच्या भिंतीपलीकडे ही पोर रोज पाय भिजवून बसत होती. मला माझाच फार राग आला, आणि त्या रागाला घोषणा सुचेना.

मोर्चा बुधवारीच काढला. वॉचमननं आम्हाला फाटकाबाहेर ठेवलं, पण निवेदन आत पोचवलं. त्यात मी एक वाक्य वाढवलं होतं: कपडे शिवणाऱ्या आणि विकणाऱ्या, दोघींनाही कामाच्या जागी बसायला मिळावं. सगळ्याच दुकानांबद्दल मोघम लिहिलं, म्हणजे कुणा एकीवर संशय जायला नको. संस्थेच्या मुलीनं ते वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाली, “हे आमच्या सगळ्याच पत्रांत घालते.” कंपनीकडून लगेच मेल आली, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ त्यानंतर आजतागायत अक्षर नाही.

मी रोज मेल उघडून बघायचे. आत्यानं आठवडाभर ते पाहिलं आणि एके दिवशी दुपारी जेवण झाल्यावर चांगलं लुगडं काढून मागितलं. “उत्तराची वाट बघत बसशीत, तवसर तेचे पाय सुजतले. टॅक्सी बोलव.”

दुकानात दुपारी शुकशुकाट होता. आत्या काउंटरपाशी गेली आणि तिशीतल्या टायवाल्या मॅनेजरला म्हणाली, “बाबू, मेरा घुटना दुखता है. खुर्ची मिलेगा?” त्यानं आतून खुर्ची आणून दिली. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला कोण नाही म्हणणार? आत्या दोन मिनिटं टेकली. मग तिनं आमच्या पोरीला बोटानं जवळ बोलावलं, जशी काही तिला जन्मात पाहिलेली नाही.

“बाय, मी जरा कपडे बघून येतंय. तवसर माझी जागा धर. नायतर दुसरा कोणतरी येवन बसात.”

सगळं दुकान रिकामं. येऊन बसणार होतं कोण? पण बसमध्ये, भजनात, रेशनच्या रांगेत आपण एकमेकींची जागा धरतो, आणि ती धरायला नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. पोरीनं मॅनेजरकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

आत्या माझा दंड धरून निघाली. एकेक कुडता हातात घेऊन उलटासुलटा बघत होती. तिचे गुडघे खरंच दुखत होते, पाऊल टाकलं की तोंडातल्या तोंडात ‘आई गे’ म्हणायची. मी म्हटलं, “पुरे आता, चल.” ती म्हणाली, “गप. अजून पाच मिन्टा.” माझ्या आत्यावर माझं प्रेम आहेच, पण त्या दुपारी तिला त्या चकचकीत फरशीवरून लंगडताना बघून ते दुप्पट झालं.

मग ठराव न करताच पाळ्या लागल्या. आमच्या मंडळात खोटं बोलावं लागेल असा एकही गुडघा नाही. बुधवार सोडून रोज दुपारी कुणीतरी जायचं, खुर्ची मागायची, पोरीला जागा धरायला सांगायचं आणि रमतगमत दुकान पालथं घालायचं. विकत कुणीच काही घेत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात पाळी माझी होती. पोरगी पक्की व्हायला आठ दिवस राहिले होते. ती बसली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मागे टेकली. मी कपड्यांवरची लेबलं वाचत फिरत होते, कुठे शिवलंय ते बघत. वळून पाहिलं तर तिचे डोळे मिटलेले होते आणि मॅनेजर तिच्याकडेच चालत येत होता.

मी धावतच मध्ये गेले. “माझी जागा धरलीय तिनं. मीच सांगितलंय. तिची काही चूक नाही.”

त्यानं खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तीन आठवडे रोज वेगळी बाई, रोज तेच गुडघे. न कळण्याइतका तो खुळा नव्हता. तो या पायावरचा भार त्या पायावर टाकत उभा होता. तोही सकाळपासून बसलेला नव्हता. त्यानं एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं, तिकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला.

“मॅडम, घाई नका करू. वरच्या मजल्यावरपण कपडे आहेत. तेपण आरामात बघून या.”