दिवेलागणीचं कुलूप

तर त्या दाराचं काल अर्धवट राहिलं. विश्वंभररावांच्या नव्या घराचं दार, संध्याकाळ झाली की आपलं आपण कुलूपबंद व्हायचं ते. त्यानंतर कुणी आतून जरी उघडलं तरी भोंगा. आमच्या गावच्या शाळेला दारच नव्हतं, गुरं थेट फळ्यापर्यंत यायची, त्यामुळे मला दाराचं मूळचंच अप्रूप. पण असलं दार मीही पहिल्यांदाच पाहिलं.

विश्वंभरराव आणि मी एकाच रिफायनरीत. मी स्टोअरमध्ये नट-बोल्ट सांभाळायचो, ते कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर. कुठे वाफ वाढली, कुठली टाकी भरली, सगळं त्यांना खुर्चीत बसून कळायचं. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले. टीव्हीचा रिमोट त्यांना कुठला पुरायला? म्हणून दोन हजार दहाच्या सुमारास बडोद्यात गोत्रीला बंगला बांधला, तेव्हा त्यांनी हट्टच धरला, घर स्मार्ट हवं. टाकी भरली की मोटर बंद, ऊन आलं की पडदे बंद, माणूस शिरला की दिवा चालू आणि हालचाल थांबली की गुल. या शेवटच्या सोयीचा अनुभव मी त्यांच्या संडासात घेतला. शाळेत आम्ही करंगळी वर करून जायची परवानगी मागायचो. इथे जाऊन बसल्यावर काळोखात हात वर करून हलवावा लागला. हे सांगितल्यावर विश्वंभरराव इतके खूश झाले, की येईल त्या पाहुण्याला आधी तिकडेच पाठवू लागले.

आता कुलपाचं. फिटरने विचारलं, दार कधी बंद व्हायला हवं? विश्वंभररावांनी ऐटीत सांगितलं, अंधारून आलं की दिवे लागू देत आणि त्याबरोबर दार बंद. जन्मभर पाळ्या केलेला माणूस. संध्याकाळी एकतर पॅनेलवर, नाहीतर रात्रपाळीसाठी झोपलेला, नाहीतर सयाजीगंजात चहाला. दिवेलागणीला आपल्या घराचं दार उघडं ठेवतात, ती लक्ष्मी यायची वेळ, हे त्यांनी ऐकलं असेल, पण पाहिलं कधी? अहल्यावहिनींनी मात्र लग्न होऊन बडोद्याला आल्यापासून ती वेळ एकदाही चुकवली नव्हती.

पहिल्याच संध्याकाळी वहिनींनी देवापाशी दिवा लावला, दार उघडलं आणि भोंगा सुरू झाला. शेजारच्या जसुबेन लाटणं घेऊन धावत आल्या. दुसऱ्या दिवशी तेच. आधी आकडे दाबा, मग उघडा, असं विश्वंभररावांनी परोपरीने समजावलं. वहिनी ऐकेनात. त्या रोज दार उघडायच्या, हे रोज भोंगा बंद करायला पळायचे. पुढे पुढे सोसायटीतल्या बायका त्या भोंग्यावर दिवाबत्ती करू लागल्या.

दिवाळी जवळ आली तशी वहिनींनी चांदीची लक्ष्मी रेशमी कापडात गुंडाळली.

"अहो, लक्ष्मी यायची वेळ आणि तुम्ही कुलूप घालता," त्या म्हणाल्या. "तिने काय आकडे दाबून यायचं? लक्ष्मीपूजन मी दत्ताजीभावजींकडे करीन, रावपुऱ्यात. तिथल्या दाराला कडी आहे."

विश्वंभररावांचा चेहरा उतरला. नव्या घरातली पहिली दिवाळी आणि लक्ष्मी रिक्षात बसून निघणार. कुलपाची वेळ बदलणं फक्त फिटरच्या हातात, आणि तो दिवाळीला गावी गेलेला, फोन बंद. मेन स्विच काढावा तर लक्ष्मीपूजनालाच घरात काळोख. चकलीसुद्धा गोड लागेना त्यांना.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी मी फराळाला गेलो तर हे स्टुलावर उभे, तोंडात चिकटपट्टी. दार उघडं की मिटलेलं, हे त्या घराला एका लोहचुंबकावरून कळायचं. चुंबक दारावर, त्याचा जोडीदार चौकटीवर. दोघं जवळ असले की घराच्या लेखी दार बंद. विश्वंभररावांनी दारावरचा चुंबक उपटला आणि चौकटीवर जोडीदाराशेजारी चिकटवून टाकला. मग दार सताड उघडून त्याला वीट लावली.

ऊन उतरलं. फाटकाशी रिक्षा उभी, वहिनी लक्ष्मी घेऊन ओट्यावर. घरातले दिवे भपकन लागले. खट् आवाज झाला आणि उघड्या दारातून कुलपाची जीभ बाहेर आली, नुसतीच हवेत. आम्ही भोंग्याची वाट पाहत उभे. भोंगा नाही.

वहिनींनी दाराकडे पाहिलं, त्या जिभेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. रिक्षावाल्याच्या हातात करंज्यांचा पुडा ठेवून त्याला वाटेला लावलं आणि उजवं पाऊल टाकून आत गेल्या.

तेवढ्यात कुंपणावरून जसुबेन डोकावल्या. "काका, आजे भोंगो केम न वाग्यो?" भोंगा वाजला नाही म्हणून बिचारीचा दिवा लावायचा राहिला होता.

पूजा झाली. आरती चालू असताना दार आपलं जीभ काढून उभं. प्रसाद घेता घेता मी विश्वंभररावांना छेडलं, की एका चुंबकाने फसतं ते घर स्मार्ट कसलं?

त्यांनी आधी वहिनी स्वयंपाकघरात आहेत ना, ते पाहून घेतलं. मग म्हणाले, "नाना, दार सताड उघडं आहे, तरी मिटलंय असं धरून हे घर गप्प बसलंय. एवढी अक्कल यायला मला अख्खा संसार करावा लागला. हे पहिल्याच दिवाळीला शिकलं."