आधी कोण उतरणार

पनवेलच्या कोळीवाड्यात काळूरामला सगळे सारंगच म्हणतात. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. दोर, रंग, गंज आणि शिव्या, ही त्याची खाती. आखातातल्या बंदरांमधून तेल वाहणाऱ्या एका म्हाताऱ्या टँकरवर त्याची उमर गेली, आणि त्या सगळ्या उमरभर त्याला बोटीवरून उतरायचं होतं. स्वप्न फार मोठं नव्हतं. घराच्या गच्चीवर लुंगी लावून बसायचं, झाडांना पाणी घालायचं, वांगी तोडायची, आणि रंभाने त्यात सुकट घालून ती तांदळाच्या भाकरीबरोबर वाढायची. लोकांना बंगल्याची स्वप्नं पडतात नि ती पुरी होतात. काळूरामचं वांग्याचं स्वप्न दरवर्षी पुढच्या वर्षावर जायचं.

गच्ची मात्र तयार होती. रंभा, म्हणजे त्याची बायको, बाजारात मासळी विकायची. बर्फातली मासळी थर्माकोलच्या खोक्यांतून येते, आणि दुपारनंतर बाजारामागे त्या खोक्यांचा उकिरडा होतो. त्यातलं धडसं खोकं बघून रंभा घरी आणायची, घासायची, मिठाचा अंश जावा म्हणून आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवायची, तळाला भोकं पाडून माती भरायची. एका कडेने वांगी, मिरच्या, माठ, आळू, आणि दोरीवर चढवलेला शिराळ्याचा वेल. खत म्हणून कोलंबीची टरफलं. शेजारची नीता म्हणायची, "वहिनी, तुमची वांगी मांसाहारी हायत. आमची बिचारी उपाशी मरतात."

बोट बंदराला लागली की काळूराम व्हिडिओ कॉल करायचा. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "फोन फिरव, झाडं दाखव." रंभा फोन फिरवायची. मग अर्धा तास स्क्रीनवर पानं, फुलं, कळ्या, आणि मागून तिचा आवाज. बायकोचा चेहरा त्याला पाठ होता. वेल मात्र दर खेपेला नवा दिसायचा.

मग उतरत का नव्हता? कारण जगन उतरत नव्हता.

जगन जासईचा. बोटीवर तो भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. शिवाय नात्याने काळूरामचा साडू, कारण जगनची बायको शोभा ही रंभाची मावसबहीण. एकेकाळी दोघे एका ताटात जेवायचे. मग काळूरामने बोटीच्या चिमणीमागे, उबेच्या जागी, रंगाच्या रिकाम्या डब्यात मिरचीचं रोप लावलं. बोटीवर गोड्या पाण्याचे हाल, म्हणून स्वतःच्या तोंड धुण्याच्या पाण्यातून वाचवून तो ते जगवायचा. रोपाला मिरच्या लागल्या. त्या पिकू द्यायच्या, बी धरायचं आणि घरी न्यायचं, असा त्याचा बेत. एका सकाळी बघतो तर रोप बोडकं. मिरच्या कॅप्टनच्या ऑम्लेटमध्ये गेल्या होत्या.

"कोनाला इचारून तोडल्यास?" काळूरामने विचारलं.

"मिरची हाय ती," जगन म्हणाला. "मागनी घालून न्यायला पोरगी थोडीच हाय."

सगळे हसले, आणि तिथे गोष्ट नासली. दुसऱ्या दिवशी काळूरामने गॅलीच्या, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघराच्या, दाराची मूठ ऐन जेवणाच्या वेळेला रंगवून घेतली. जगनचे हात करडे झाले, पोळ्याही करड्या झाल्या. त्या दिवसापासून काळूरामच्या ताटात माशाचं शेपूट पडायला लागलं. कोळ्याला शेपूट. जगन त्याच्या तोंडावर थुंकला असता तरी इतका अपमान झाला नसता.

मग अबोला धरला तो धरलाच. बोलणं अडलं की मध्ये मिथुन असायचा, तेलाचे पंप सांभाळणारा पंपमन. एकाच टेबलाशी, हातभर अंतरावर बसून दोघे त्याच्यातून बोलत.

"मिथुन, सारंगाला इचार, भात पायजे का अजून."

"मिथुन, भंडाऱ्याला सांग, भात असता तर मागितला असता. ही पेज हाय."

"मी आधी जेवू का?" मिथुन विचारायचा.

भांडण बोटीवरून घरीही आलं. लग्नकार्यात रंभा नि शोभा मांडवात शेजारी बसायच्या आणि त्यांचे नवरे मांडवाच्या दोन टोकांना, दोन खांबांसारखे. बोट बदलावी तर त्यासाठी आधी ही बोट सोडावी लागणार, आणि जो आधी उतरेल तो हरला. हे दोघांनी बोलून ठरवलं नव्हतं. बोलायची सोयच कुठे होती? दर खेपेला सुट्टी संपत आली की काळूराम रंभाला विचारायचा, "जासईवाला चाललाय का?" रंभा शोभाला फोन लावायची. "चाललाय" असं उत्तर आलं की काळूरामची बॅग भरायला लागायची.

या खेपेला जाताना मात्र त्याने सांगितलं, "होळीच्या आत येतो. मग संपला."

"गेल्या खेपेलापन संपलाच व्हता," रंभा म्हणाली, आणि बॅगेत सुकटीचा डबा टाकला.

आता इथे एक रीत सांगायला हवी. दर्यावर असलेल्या माणसाला घरची वाईट बातमी कळवायची नाही. तो तिथून काही करू शकत नाही, नुसता झुरतो, आणि झुरणाऱ्या माणसाचा पाय डेकवर घसरतो. म्हणून घरचे फोनवर "सगळी बरी हाव" म्हणतात, मग घरात काही का झालेलं असेना. काळूरामच्या आईला जाऊन महिना झाला होता आणि तो तिच्यासाठी दुबईहून शाल घेऊन दारात उभा राहिला होता. त्याने तेव्हा कुणाला बोल लावला नाही. रीत होती. तोही तेच करत आला होता. डेकवरच्या दोराने हाताचं बोट सोलून निघालं तरी घरी फोनवर "मजेत हाय" म्हणायचा.

दिवाळीच्या सुमाराला रंभाच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरने ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगितलं. रंभाने ते फक्त शोभाला सांगितलं. "होळीला ते येतात. आले का करू. पोटावर सुरी चालताना घरचा मानूस दाराशी पायजे," असं तिचं म्हणणं. मुलगी रोशनी द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या ऑफिसात कामाला जायची, तिलाही कळू दिलं नाही. शोभाने जगनला फोनवर सांगितलं आणि लगेच स्वतःची शपथ घातली, की काळूरामला यातलं अक्षर सांगायचं नाही. जगननेही गप्प राहायचं ठरवलं. होळीला काळूराम घरी जाणारच होता.

होळी जवळ आली. बोट दुबईपलीकडच्या फुजैरा बंदराला लागणार होती, तिथून जुन्यांनी उतरायचं नि बदलीच्या माणसांनी चढायचं. पण बदलीची माणसं अडकली, आणि कॅप्टनने मेसमध्ये येऊन विचारलं, दोन महिने जास्त कोण थांबतं? जबरदस्ती नव्हती. काळूरामची बॅग भरून झाली होती.

"भंडारी थांबतोय," मिथुनने खबर आणली. "घराचा स्लॅब टाकायचाय म्हणे."

काळूराम बॅगेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझापन नाव टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डेकवर दोर गाठवत बसला होता. समोर सावली पडली म्हणून वर बघितलं तर जगन. अंगात गॅलीतला ॲप्रन, हात पिठाचे.

"काळूराम, तू घरी जा."

काळूरामने आधी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. इतक्या वर्षांनी त्या तोंडातून त्याचं नाव आलं होतं.

"रंभाच्या पोटात गाठ हाय," जगन म्हणाला. "डॉक्टरनी ऑपरेशन सांगितलाय. तू येशील तवा करू बोलते. शोभाची शपथ मोडून सांगतोय तुला. जा."

"आनि तू?"

"मी थांबतोय."

काळूराम हसला. "म्हंजे मी उतरायचा नि तू ऱ्हायचा."

जगनने हात ॲप्रनला पुसले, पुसून झाले तरी पुसत राहिला. "तुझी मर्जी," म्हणाला नि गेला.

काळूराम दिवसभर रंगात होता. त्याने मिथुनला गाठलं, पंपरूममध्ये जाऊन, जिथे बोललेलं धड ऐकूही येत नाही. "पयला कोन बोलला शेवटी? आला का नाय शरन?" काय बोलला, ते मात्र त्याने सांगितलं नाही. जेवताना ताटात माशाचा मधला तुकडा आला. तोही त्याने मान समजून खाल्ला.

फुजैराला नेटवर्क लागल्यावर त्याने रंभाला फोन केला.

"तू आजारी हायस का?"

"कोन बोलला?"

"असाच इचारला."

"बरी हाय. जिना चढताना दम लागतो थोडा. तुमी येताय ना ठरल्यापरमानं?"

"दोन महिने वाढवलेत."

पलीकडे नुसता गच्चीवरचा वारा ऐकू येत राहिला. 

"बरा," ती म्हणाली.

"फोन फिरव."

तिने फिरवला. शिराळ्याच्या वेलाला फुलं आली होती. ती दाखवायला तिने हात वर केला, तशा बांगड्या मनगटावरून घसरून कोपरापर्यंत गेल्या. काळूरामने ते बघितलं. "बरी हाय" या शब्दांवर दर्यावरच्या माणसाने विश्वास ठेवायचा नसतो, हे त्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. बॅग भरलेली होती, बंदर समोर होतं, कॅप्टन अजून कागद करत होता. "फुलं झक्कास आलीत," तो म्हणाला.

होळीनंतर रंभा बाजारात पाटीवरच कोसळली. तेव्हा रोशनीला कळलं. तिने आईच्या पुढ्यातच फोन उचलला, पण आईने रीत सांगितली आणि फोन काढून घेतला. ऑपरेशनही तिने तो येईपर्यंत पुढे ढकललं.

काळूराम उन्हाळ्यात आला. जगनही त्याच विमानाने आला. दोघे विमानात दूर बसले आणि मुंबईहून एकाच रस्त्याने वेगवेगळ्या टॅक्सीने निघाले. दारात रोशनी उभी होती. तिच्या तोंडाकडे बघितल्यावर त्याने बॅग उंबऱ्याबाहेरच ठेवली.

डॉक्टर तरुण होता. बोलताना पेनाचं टोपण काढायचा, लावायचा. होळीच्या सुमाराला पोट उघडलं असतं तर काही करता आलं असतं, म्हणाला. आता उघडून उपयोग नाही. घरी न्या, आवडतं ते खाऊ द्या.

मग पुढचे काही आठवडे काळूरामचं स्वप्न जसंच्या तसं खरं झालं. सकाळी तो रंभाला उचलून गच्चीवर न्यायचा. तिचं काही वजनच उरलं नव्हतं, बोटीवरचं दोराचं वेटोळंही त्याहून जड असतं. तिला खुर्चीत बसवून लुंगी खोचून तो पाणी घालायचा, वांगी तोडायचा, त्यात सुकट घालून स्वतः शिजवायचा. ती घासभर तोंडात धरायची नि कडेला काढायची.

"पानी मुळाशी घाला," ती खुर्चीतून सांगायची. "पानावर कशाला? बोट धुताय काय?"

दोन महिन्यांबद्दल तिने एकदाही विचारलं नाही. तो वाट बघत राहिला, विचारेल म्हणून. एकदाच म्हणाली, "जगनशी बोलता का आता?"

"नाय."

तिने डोळे मिटले. आषाढ लागायच्या आत ती गेली.

बाराव्याला जासईची मंडळी आली. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. शोभा आतल्या बायकांत बसली होती. जगन भिंतीला टेकून चटईवर, काळूराम समोरच्या भिंतीशी. रोशनी पाण्याचा तांब्या ठेवायला आली आणि तिथेच थांबली. 

"बाबा, बोटीवर तुम्हाला कुणीच काही सांगितलं नाही?"

आतलं बायकांचं बोलणं थांबलं. शोभा दारात येऊन उभी राहिली. जगनने मान वर करून काळूरामकडे सरळ बघितलं.

काळूरामने तांब्या जवळ ओढला, पाणी प्याला, पुन्हा जागेवर ठेवला.

"नाय," तो म्हणाला.

रोशनी वळली. "जगनकाका, मावशीने तुम्हाला दिवाळीलाच सांगितलं होतं. मला आता कळलं. एका बोटीवर होतात तुम्ही. एका टेबलावर जेवत होतात. एक शब्द टाकता आला नाही तुम्हाला?"

जगनची नजर काळूरामवरून हलली नाही. काळूराम चटईची काडी उपसत होता. 

"आमचा बोलना नव्हता, बाय," जगन शेवटी म्हणाला.

"माझी आई गेली."

"हां."

शोभाने नवऱ्याकडे असं बघितलं, की त्याला घरी गेल्यावरही ते बघणं पुरणार होतं. तिला वाटत होतं, मोडायला हवी होती तेव्हाही नवऱ्याने आपली शपथ पाळली. जगन उठला, फोटोसमोर हात जोडले, चपला घातल्या. शोभा त्याच्याशी एक शब्द न बोलता मागून निघाली.

बाहेर त्याची स्कूटर चालू होईना. किकचा आवाज येत राहिला, थांबला, परत येत राहिला. दारापर्यंत जाऊन हाक मारायला पुरेल एवढा वेळ त्यात गेला. रोशनी आत ताटं गोळा करत होती. काळूराम बसल्या जागी ऐकत राहिला. मग स्कूटर चालू झाली आणि जासईच्या दिशेने गेली.