जिन्यातली दोन मिनिटं

व्हायोलेट माझी धाकटी जाऊ. मालाडच्या गावठाणात आमची दोन घरं एकाच भिंतीला टेकलेली. तिच्याकडे बोंबील तळले की वास आमच्या ओट्यापर्यंत येतो, आणि माझा नवरा जेफ्री नाक वर करून म्हणतो, "रोझारिओचं नशीब बघ." रोझारिओ म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, व्हायोलेटचा नवरा. हे वाक्य मी एकवीस वर्षं ऐकतेय.

तेवढंच असतं तर चाललं असतं. पण माझी मुलगी जेनिता बारावीला नापास झाली, ते तिने आधी काकीला सांगितलं. भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं म्हणून मी गेले, तर माझी पोर व्हायोलेटच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. नापास झाल्याचं मला नंतर वाईट वाटलं. आधी पोटात पेटलं ते त्या मांडीवरून.

नोकरीही मला तिच्यामुळेच मिळाली. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत लहान मुलांचे कपडे शिवणारा एक गाळा आहे, दुसऱ्या मजल्यावर. व्हायोलेट तिथे आधीपासून होती. जेफ्रीची कंपनी बंद पडली तेव्हा तिने शेठला माझ्यासाठी विचारलं. मी दोरे कापायला लागले. शिवलेला फ्रॉक आला की लोंबणारे दोरे कैचीने कापायचे आणि पुढे सरकवायचा. तो जायचा व्हायोलेटकडे, कारण ती चेकर होती. ती प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवायची. काही चुकलं तर पीस परत.

माझेही परत यायचे. "शर्ली वहिनी, खांद्याला दोरा राहिलाय गं." अगदी गोड आवाजात, पण सगळ्यांसमोर. बायका खाली बघून हसायच्या. त्यांचेही येत असत, म्हणून तिचं नाव त्यांनी 'मदर' पाडलं होतं. "चला, मदर आली, नीट बसा." कुणाची हजेरी दुसरीने लावली आणि व्हायोलेटला विचारलं, तर ती खरं सांगायची. सुपरवायझर नितेशने एकदा डागाळलेला माल गुपचूप पुढे ढकलायला सांगितला, तिने सही केली नाही. तेव्हापासून तोही तिच्यावर खार खाऊन होता. मागून सगळे बोलायचे, "हिला काय स्वर्गात सीट रिझर्व्ह करायचीय?" मी जाऊ असून हसायचे. खरं सांगू? सगळ्यात जोरात मीच हसायचे.

दोन वर्षांपूर्वी लेंटच्या दिवसांत हे घडलं. आमच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मी मासे सोडले होते आणि सगळ्यांना ते सांगत फिरत होते.

आमच्यात अक्षता नावाची एक मुलगी होती, शिलाईवर. तिची तीन वर्षांची लेक न्यूमोनियाने हॉस्पिटलात होती. सासू तिथे बसायची आणि ही कामावर यायची, कारण सुट्ट्या संपल्या होत्या. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी बाटली भरायला जिन्याकडच्या नळावर गेले. खालच्या पायरीवर अक्षता रडत बसली होती आणि बाजूला व्हायोलेट.

"तुम्ही तुमच्या देवाला सांगा ना काकी," अक्षता म्हणत होती. "मी माझ्या सगळ्या देवांना सांगून झालं."

व्हायोलेटने तिचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. दोन मिनिटं असतील. मग पदराने तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता दोन घास खा. संध्याकाळी मी येते तुझ्याबरोबर हॉस्पिटलात."

बस, इतकंच. मी बाटली भरून परत आले, पण तो हात डोळ्यांपुढून हलेना. त्याच्या आदल्या वर्षीच्या माझ्या आजारपणात मी कुणाला रडून सांगितलं नव्हतं, कारण मला माहीत होतं, सगळे म्हणतील व्हायोलेटकडे जा. लोक रडायला हिच्याकडेच का येतात? माझ्या खांद्याला काय काटे आहेत?

चार वाजता चहाला नितेश बाजूला उभा होता. मी म्हटलं, "मी काही बोलत नाही हां, घरातलीच आहे ती. पण जिन्यात काय चालतं ते बघत जा जरा. उद्या कुणी म्हणेल, इथे बायकांना बाटवतात."

तो शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं की कुठे जाऊन लागणार आहे. मी स्वतः ख्रिस्ती. असल्या एका शब्दाने कुणाकुणाच्या घरापुढे माणसं जमली, ते मी ऐकलेलं होतं. तरी मी चहा संपवला, कप विसळला आणि जागेवर जाऊन बसले.

दोन दिवसांत ते गाळाभर झालं. तिसऱ्या दिवशी शेठने व्हायोलेटला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं. मशिनी आपोआप थांबल्या.

"तू प्रार्थना केलीस की नाही?" नितेशने विचारलं.

"केली."

सगळ्यांना वाटलं होतं ती नाही म्हणेल. शेठलाही तेच हवं होतं, विषय मिटला असता. तो चांगला माणूस होता, घाबरलेला होता. म्हणाला, "मला लफडं नको, बाई. चुकीच्या हेतूने केलं, पुन्हा करणार नाही, असं लिहून दे. विषय खलास."

"इथे नको असेल तर इथे करणार नाही, ते देते लिहून," व्हायोलेट म्हणाली. "हेतू चुकीचा होता हे नाही देणार. ते खोटं आहे. अक्षताला विचारा."

अक्षताने मान वर केली नाही. सासूच्या कानावर गेलं तर काय, ह्या भीतीने पोरगी गोठली होती. उठल्या त्या वनमाला मावशी. आमच्यात सगळ्यात जुन्या, देवगडकडच्या, दर वर्षी गणेशचतुर्थीला गावी जाणाऱ्या. हातातली कैची तशीच घेऊन केबिनच्या दारात गेल्या.

"शेठ, ही बाय अकरा वर्षां माझ्या बाजूक बसता. माका कधी देवळात जाव नको म्हणून सांगल्यान? मी गणपतीक गावाक जातंय, तेव्हा माझा काम कोण करता? हीच करता."

"मावशी, तुम्ही बसा," नितेश म्हणाला.

त्याच दिवशी व्हायोलेटला चेकिंगवरून काढून पॅकिंगच्या टेबलावर घातलं. घडी घालायची, पिशवीत भरायची. आणि चेकिंगवर बसवलं मला.

मला आनंद झाला. लपवून काय उपयोग? त्या संध्याकाळी शेअर रिक्षात ती माझ्या बाजूला बसली होती आणि मी मनात चेकरच्या उंच स्टुलावर होते. उतरताना तिने माझी पिशवी धरली, रोजच्यासारखी.

गावठाणातही बोललं गेलंच. आपलेच लोक म्हणाले, "कामावर कशाला देव काढायचा? हिच्या पायी आपल्या सगळ्यांना त्रास." त्या रविवारी चर्चमध्ये व्हायोलेट कम्युनियन, म्हणजे फादरच्या हातचा पवित्र प्रसाद, घ्यायला रांगेत गेली नाही, बाकावरच बसून राहिली. मनात पाप असलं की तो घेत नाहीत, म्हणून मागून कुजबूज झाली, "बघितलं? मनात काहीतरी असणारच." मी त्या कुजबुजीला मान हलवली आणि पुढे जाऊन कम्युनियन घेतलं.

कारखान्यात ती घड्या घालत राहिली. कॉलरला कॉलर, बाहीला बाही. कुणी 'मदर' म्हटलं तरी ओ द्यायची. अक्षता नजर चुकवायची, तरी व्हायोलेट विचारायची, "बाळ कसं आहे गं?" पोरगी बरी होऊन घरी आली होती.

ईस्टर होऊन पंधरा दिवस झाले असतील. नितेश घाई करत होता, मीही बोट न फिरवता पीस पुढे सारत होते. नाहीतरी परत पाठवलं की बायका नाराज होतात, आणि मला नाराज कुणाला करायचं नव्हतं. दुपारी व्हायोलेट एक पिवळा फ्रॉक घेऊन माझ्या स्टुलापाशी आली.

"वहिनी, इथे हात लाव."

काखेच्या शिवणीत मशिनच्या सुईचं तुटलेलं टोक होतं. बोटाला रक्त आलं. वर्षाच्या बाळाच्या मापाचा फ्रॉक, आणि त्यावर माझी तपासल्याची खूण. मी हळूच म्हटलं, "टाकून दे ना तो पीस. कुणाला कळतंय?"

"तुकडा एकच आहे. बाकीची सुई कुठे आहे?" ती म्हणाली. "सगळा गठ्ठा सोडावा लागेल. नितेशला सांगू या. तू सांग, मी येते तुझ्याबरोबर."

मला वाटलं होतं, ही आता मजा बघेल. मी तिच्या जागी असते तर तो फ्रॉक हातात उंच धरून गाळाभर फिरले असते. तिच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं, काळजीच होती. मला इतका संताप आला तिचा, आणि त्याच वेळी रडू फुटलं.

केबिनमध्ये मी सुईचं सांगितलं. नितेश ओरडत होता, शेठ कपाळाला हात लावून बसला होता. मग मला थांबता येईना. मी म्हटलं, "जिन्यातलं मी मुद्दाम लावून सांगितलं होतं. अक्षतानेच तिला प्रार्थना करायला सांगितलं, मी कानांनी ऐकलं होतं. मला हिचं बघवत नव्हतं."

दारात अक्षता उभी होती. ती म्हणाली, "हो शेठ, मीच सांगितलं होतं." आणि ओढणीत तोंड लपवून रडायला लागली.

तीनशे फ्रॉक उलटे करून तपासले आम्ही. नितेशलाही बसावं लागलं. सुईचा दुसरा तुकडा वनमाला मावशींना एका लेसमध्ये सापडला. पुढच्या सोमवारी शेठने व्हायोलेटला परत चेकिंगवर बसवलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, चूक झाली." ती "असू दे" म्हणाली आणि कामाला लागली. मी पुन्हा दोऱ्यांवर.

कन्फेशनला, पापं कबूल करायला, गेले तेव्हा फादरनी विचारलं, "जावेशी बोललीस का?" नव्हते बोलले. त्या संध्याकाळी तिच्या ओट्यावर गेले. ती कोळंबी सोलत होती. मी समोर बसून सोलायला लागले आणि विचारलं, "तुला आधीपासून माहीत होतं, मी सांगितलं ते?"

"पहिल्याच दिवशी. जिन्यापाशी दुसरं कुणी नव्हतंच. नळ तूच बंद केलास ना, मी बघितलं होतं."

"राग नाही आला?"

"आला की! तुझं तोंड बघवत नव्हतं. रिक्षात बाजूला बसताना अंगावर काटा यायचा. त्या रविवारी म्हणून तर कम्युनियन घेतलं नाही, एवढा राग घेऊन कसं जाणार?" तिने कोळंबीचं टोपलं माझ्याकडे सरकवलं. "नंतर तीन आठवडे रोज तुझं नाव घेऊन प्रार्थना केली. दात-ओठ खाऊन केली, सुरुवातीला."

इतकी वर्षं मला वाटायचं, हिला राग येतच नाही, देवाने हिला आयतंच सगळं दिलंय. तसं नव्हतं तर. तिलाही माझ्यासारखंच आतून जळत होतं, आणि तरी तिने रोज माझी पिशवी धरली होती. ते ऐकून मी शहाणी झाले असं नाही. मला त्याचाही हेवा वाटला, आधीपेक्षा जास्तच. फक्त या वेळी मी तो तिला तिथेच बोलून दाखवला. ती हसली आणि म्हणाली, "वहिनी, आधी कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा नीट काढ."