उतारावर न्यूट्रल

कोणी नवी गाडी घेतली की आमच्या माणसांना एकच प्रश्न सुचतो. चालवायला कशी वाटते, कुठे जाऊन आलात, असलं काही नाही. "किती देते?" एवढंच. गाडी म्हणजे जणू गोठ्यातली म्हैस, आणि मालकाने रोज उठून दूध मोजायचं. लिफ्टमध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, एकदा तर स्मशानाबाहेर चपला घालता घालता एका दूरच्या काकांनी विचारलं. मला या प्रश्नाचा वीट आलाय. त्यात त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही. दीड वर्षं मीच या प्रश्नाचं उत्तर छाती फुगवून देत होते, आणि ते आठवलं की मला माझीच किळस येते.

माझी गाडी हायब्रिड आहे. पेट्रोलचं इंजिन आहे आणि बॅटरीही आहे. हळू जाताना ती बॅटरीवर चालते आणि ब्रेक दाबला की बॅटरी आपोआप भरते, एवढंच घेताना मला समजलं होतं. खरं तर मला घरी प्लग लावून चार्ज होणारी गाडी हवी होती. पण ठाण्यात कोलशेतला आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी पार्किंगमध्ये चार्जरसाठी पॉइंट मागितला, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, आज तुम्ही चार्जर मागताय, उद्या कोणीतरी पिठाची गिरणी मागेल." सगळे खो खो हसले. मीही हसले. का हसले, देव जाणे.

गाडी घेतली ती बाबांसाठी. ते डोंबिवली पूर्वेला एकटे राहतात, दुसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली. तीस वर्षं त्यांनी तिथल्याच एका रंगाच्या कारखान्यात काढली. संध्याकाळी घरी येऊन नाक पुसलं की रुमाल गुलाबी व्हायचा, कधी निळा. आम्हा मुलांना त्याची गंमत वाटायची, आज कुठला रंग यावर आम्ही पैज लावायचो. त्या रंगांनी पुढे त्यांच्या छातीत घर केलं. ठाण्यातल्या छातीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मला बजावलं होतं. धूर आणि धूळ यांच्यापासून यांना लांब ठेवा. गाडीतून आणताना काचा बंद, एसी चालू. एक शनिवार सोडून दर दुसऱ्या शनिवारी श्वासाचे व्यायाम करायला इथे यायचं, खाडा करायचा नाही. खाडा केला तर फुप्फुसांची जेवढी ताकद जाईल, ती पुन्हा येणार नाही.

हे मी नीट ऐकलं होतं. डायरीत लिहूनही घेतलं होतं.

बाबांची काटकसर मात्र माझ्या रक्तातच होती. माझ्या लहानपणी त्यांच्याकडे स्कूटर होती. मी पुढे उभी, आई मागे, मांडीवर भाजीची पिशवी. रेल्वेवरचा पूल चढून माथ्यावर आलो की बाबा खट्कन इंजिन बंद करायचे. मग पुलाचा सगळा उतार आम्ही आवाज न करता खाली घरंगळत जायचो, वारा कानात, आईचा हात बाबांच्या खांद्यावर गच्च. "उतार देवाने फुकट दिलाय, त्याच्यावर कशाला पेट्रोल जाळायचं," असं ते म्हणायचे. आई वैतागून म्हणायची, "दात कोरून पोट भरत नाही हो." मला तो उतार म्हणजे जत्रेतलं चक्र वाटायचं. पुढे मला गाडी शिकवतानाही त्यांनी पहिला धडा हाच दिला. सिग्नलला न्यूट्रल, उतारावर न्यूट्रल. गिअरवरचा माझा हात आजही उतार दिसला की आपोआप हलतो.

नव्या गाडीत समोर एक छोटा स्क्रीन आहे. एका लिटरमध्ये किती किलोमीटर, तो आकडा तिथे सतत दिसतो. पहिल्या महिन्यात बावीस होता. मग कोणीतरी मला याच गाडीच्या मालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं, आणि माझी बुद्धी गहाण पडली. तिथे सकाळी उठल्या उठल्या लोक देवाचे फोटो टाकतात तसे स्क्रीनचे फोटो टाकायचे. पंचवीस पॉइंट चार. सव्वीस पॉइंट एक. खाली टाळ्या, अंगठे, हात जोडलेले. एकाने स्टेपनी काढून ठेवली होती, वजन कमी व्हावं म्हणून. एकजण बायकोला रिक्षाने पाठवायचा आणि तिची बॅगही रिक्षातूनच पाठवायचा. मी त्याला हसले, आणि त्याच आठवड्यात माझी डिकी रिकामी केली. छत्र्या, पाण्याच्या बाटल्या, जुनी वर्तमानपत्रं. आणि बाबांचं घडीचं स्टूल. हॉस्पिटलच्या रांगेत बाकडं रिकामं नसायचं, तेव्हा ते त्या स्टुलावर बसायचे. दीड-दोन किलोचं ॲल्युमिनियमचं स्टूल. ते मी त्यांच्या घरी नेऊन ठेवलं आणि म्हटलं, "बाबा, हे इथेच असू दे, उगाच गाडीत खडखड वाजतं." खोटं होतं. ते कधीही वाजलं नव्हतं.

मग एसी बंद झाला. एकदम नाही. आधी "थोडा वेळ बंद करू का", मग "आज हवा बरी आहे", मग काही न बोलताच. डोंबिवलीहून ठाण्याला येतानाचा कल्याण-शीळ रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना हवा बरी आहे म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. वर मेट्रोचे खांब, खाली खोदलेली माती, बाजूला कंटेनर, त्याचा काळा धूर थेट आपल्या खिडकीत. पुढे कचऱ्याचा असा भपकारा की मागच्या जन्मीचं जेवण वर यावं. त्या सगळ्यात मी माझ्या वडिलांना, ज्यांची फुप्फुसं अर्धी उरली आहेत त्यांना, काचा उघड्या टाकून नेत होते. ते नाकाला रुमाल लावून बसायचे. पांढरा रुमाल. घरी पोचेपर्यंत त्याचा रंग बदललेला असायचा, आणि या वेळी पैज लावायला कोणी नव्हतं.

"बाबा, एसी लावू का?" मी विचारायची. विचारताना माझी नजर आकड्यावर असायची.

"नको गं. मला गार सोसत नाही. किती झाला?"

"सव्वीस पॉइंट सात."

"वा!" ते खोकत खोकत म्हणायचे. मुंब्रा बायपासचा उतार आला की स्वतःच सांगायचे, "हं, टाक न्यूट्रल." मी टाकायची. इंजिन गप्प, आम्ही दोघं गप्प, गाडी खाली खाली. मला वाटायचं, आम्ही पुन्हा त्या पुलावरून उतरतोय. किती गोड समजूत होती माझी!

कधी खोकल्याची उबळ आवरेना, तेव्हा मी एसी लावायची. लावायलाच हवा होता, लावलाही. पण आकडा पॉइंटा-पॉइंटाने खाली यायला लागला की माझं तोंड कसं होत असेल, याचा मी कधी विचार केला नाही.

एका शुक्रवारी बाबांचा फोन आला. "उद्या नको येऊस. मला बरंच बरं वाटतंय. घरीच व्यायाम करीन." मी म्हटलं ठीक. पुढच्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी मी वरवर म्हटलं, "अहो, डॉक्टरांनी खाडा करू नका म्हणून सांगितलंय." ते म्हणाले, "डॉक्टरांना काय, सांगायला काय जातं त्यांचं?" आणि मी हसून फोन ठेवला. माझा शनिवार मोकळा झाला होता, याचा मला आनंद झाला होता. त्या महिन्यात आकडा अठ्ठावीस पॉइंट तीनवर गेला. मी ग्रुपवर फोटो टाकला. एक्केचाळीस अंगठे आले. अंगठे मोजले होते मी, हे लिहिताना सुद्धा शिसारी येते.

एवढ्यावर भागलं नाही. अठ्ठावीसच्या पुढे आकडा का जात नाही म्हणून मी सर्व्हिस सेंटरला तक्रार घेऊन गेले. तिथला चष्मेवाला, केस पिकलेला मेकॅनिक माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "चला, एक राउंड मारू." माजिवड्याच्या पुलावरून उतरताना त्याने माझा हात पकडायचाच बाकी ठेवला.

"मॅडम, हे काय करताय?"

"न्यूट्रल."

"प्रत्येक उताराला टाकता?"

"सिग्नललाही."

"मॅडम, उतारावरच तर ही गाडी कमावते. डी मध्ये, म्हणजे गिअरमध्येच ठेवलीत की चाकं बॅटरी भरतात. न्यूट्रल टाकलंत की भरणं बंद. मग पुढच्या चढाला इंजिन जास्त पेट्रोल पिणार. जुन्या गाडीची सवय दिसते."

"आणि एसी?"

"एसी लावा ना बिनधास्त! थोडा फरक पडतो, पण तुमच्या या न्यूट्रलने त्याच्यापेक्षा जास्त घालवलंत." मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "घरी कोणी आजारी-बिजारी असेल तर एसी पाहिजेच."

मी तिथून थेट डोंबिवलीला निघाले. शनिवार नव्हता, रजाही नव्हती. रस्त्यात मला हसू येत होतं. बाबांना सांगणार होते, तुमचा उतार फुकट नव्हता हो, आपण दोघं दीड वर्षं मूर्खपणा करत होतो. त्यांना हे फार आवडलं असतं. स्वतःची फजिती ते चवीने ऐकतात.

जिना चढताना पहिल्या मजल्याच्या वर, जिना वळतो तिथे, भिंतीला लागून ते घडीचं स्टूल उघडून ठेवलेलं होतं. सीटवर वर्तमानपत्राची घडी, धूळ लागू नये म्हणून. मला आधी वाटलं कोणी रंगकाम करतंय. तेवढ्यात शेजारच्या काकू पिशवी घेऊन वरून आल्या. आई गेल्यापासून बाबांच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते.

"बरं झालं आलीस," त्या म्हणाल्या. "बाबांना एका दमात वर येता येत नाही आता. खालून दूध आणायला गेले तरी इथे पाच मिनिटं बसतात. मी म्हटलं, भाऊ, मुलीला फोन करा. तर म्हणे, तिला नका सांगू."

"कधीपासून?"

"अगं, महिना तर झालाच. तू येत नव्हतीस ना शनिवारची."

मी येत नव्हते. बरोबरच होतं त्यांचं.

बाबा दाराशी उभे होते, चौकटीला धरून. मला बघून त्यांचा चेहरा फुलला आणि लगेच अपराधी झाला, चोरी पकडल्यासारखा. मी चपलाही काढल्या नाहीत. "का नाही आलात? बरं वाटतंय म्हणून खोटं का बोललात?" असं मी ओरडले. हो, ओरडलेच. दम लागलेल्या माणसावर.

ते खुर्चीत बसले, दम घेतला. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, मी आलो की तुझा आकडा पडतो."

मी वाकून चपला काढल्या.

"खोकला आला की तू एसी लावतेस. मग आकडा खाली येतो आणि तुझं तोंड एवढंसं होतं. मला काय दिसत नाही? इतकी छान देत्ये गाडी, माझ्यापायी कशाला ते? मी म्हटलं, होईल घरी व्यायाम." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "या महिन्यात चांगला आला असेल ना?"

मेकॅनिकने सांगितलेली गोष्ट मी त्यांना आजवर सांगितलेली नाही.

त्याच दुपारी त्यांना ठाण्याला घेऊन गेले. स्टूल डिकीत टाकलं. काचा बंद, एसी चालू. डॉक्टरांनी त्यांना नळीत फुंकायला लावलं, कागद बघितला, मला बाहेर बोलावलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी पहिल्या दिवशी डायरीत जे लिहून घेतलं होतं, तेच वाक्य त्यांनी शांतपणे पुन्हा सांगितलं. जे गेलं ते आता येणार नाही. राहिलंय ते सांभाळा.

परत जाताना बायपासला बाबांनी हळूच हात पुढे केला आणि एसीचं बटण बंद केलं. "एवढं गार नको," म्हणाले. मी चालू केलं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा बंद केलं. मी पुन्हा चालू केलं आणि त्यांचा हात धरून ठेवला. एका हाताने गाडी चालवली. उतार आला.

"न्यूट्रल?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा."

घराशी पोचल्यावर, जिन्यात त्या वळणावर मी स्टूल उघडून दिलं, ते बसले, श्वास खाली बसायची वाट बघत राहिलो. मग त्यांनी विचारलं, "आज किती दिला?"

"बघितलं नाही," मी म्हटलं.

खोटं बोलले. सतरा पॉइंट आठ. रस्ताभर माझा डोळा तिथेच होता.