अम्माच्या विहिरीतले मासे

आधी अम्माचं सांगतो, मग विहिरीचं. सोलापुरात माझं बिऱ्हाड उभं राहिलं ते तिच्यामुळे, आणि माझी लेक आज दारात धडधाकट खेळते आहे तीही, मला विचाराल तर, तिच्यामुळेच. अम्मा माझ्या नात्यातली कुणी नव्हे. विणकरांच्या गल्लीतली माझी घरमालकीण. घरच्यांशी तेलुगू बोलायची, माझ्याशी मराठी, आणि रागावली की दोन्ही. तुझं नाव लिहू का, असं विचारलं तर म्हणाली, "कशाला बाबू? गल्लीला म्हाईत हाय की." म्हणून लिहीत नाही.

मी कोकणातला, समुद्रकाठचा. शाळा सातवीतच सुटली. गावच्या एका माणसाच्या ओळखीनं इथल्या कॉलेजात प्रयोगशाळेत हरकाम्या म्हणून लागलो. बरण्या धुवायच्या, बाकं पुसायची, तपासायला नाल्यावरून पाणी आणायचं. काम तात्पुरतं होतं. कॉलेजातल्या साहेबांनी नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी वाटायचं, आता घरी बसवतात. प्राणिशास्त्राच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "माशांचा वास चालतो का तुम्हाला?" मी म्हणालो, "बाई, त्या वासावाचून तर इथं झोप येत नाही." त्या हसल्या, आणि मला त्यांच्या कामावर घेतलं.

त्यांचं काम असं. गावात सुताला रंग देणारे लहानमोठे कारखाने होते. लाल, हिरवं, जांभळं पाणी तिथून नाल्यात जायचं. त्या पाण्यानं काय होतं हे बाई माशांवरून पाहत. मला वाटायचं, बाटलीत पाणी भरून तपासलं की झालं. बाई म्हणाल्या, "बाटलीत त्या घटकेचं पाणी येतं. मासा रात्रंदिवस त्यातच राहतो, त्यातच खातो, त्यातूनच श्वास घेतो. पाण्याचं खरं काय ते त्याच्या अंगावर दिसतं."

त्या तळ्यातून बोटाएवढे निरोगी मासे आणवत. त्यातले काही तारेच्या जाळीच्या पिंजऱ्यात घालून नाल्यात बुडवून ठेवायचे, तितकेच प्रयोगशाळेतल्या स्वच्छ हौदात. आठवड्यानं दोन्हीकडचे मासे समोरासमोर ठेवून बघायचे. आपले मासे ओळखू यावेत म्हणून शेपटीच्या वरच्या टोकाला कात्रीनं बारीकशी खूण करायची. मासा ताजा कसा ओळखायचा हे मला आईनं शिकवलं होतं. कल्ला उचलायचा, लाल दिसला की घ्यायचा. बाई म्हणाल्या, "ते बाजारासाठी. इथं मासा मेलाय की जिवंत एवढ्यावर भागत नाही. तो आजारी आहे का ते बघायचं. मेला म्हणजे आपल्यालाच उशीर झाला." मग त्यांनी दाखवलं. कल्ल्यांवर बुळबुळीत थर धरतो, रंग फिका पडतो, वरून हाताची सावली पडली तरी मासा दचकत नाही, सारखा वर येऊन तोंड उघडझाप करतो. हळूहळू माझीही नजर बसली.

अम्माची विहीर तिच्या अंगणातच होती. निम्मी गल्ली तिथं पाणी भरायची. मागच्या दुष्काळात आजूबाजूच्या विहिरींचे तळ दिसले, पण हिला शेवटपर्यंत पाणी राहिलं. म्हणून तिला फार मान. विहिरीत मासे होते. गल्लीतल्या या लोकांत तशी रीतच आहे. मासे असले की विहीर जिवंत, पाणी चांगलं. सकाळी बायका कळशी सोडण्याआधी खाली वाकून मासे बघत. ते दिसले की हात जोडल्यासारखं करून दोर सोडत.

एकदा बाईंनी सहज विचारलं, मी राहतो कुठे. मी गल्ली सांगितली. त्यांनी हातातली बरणी खाली ठेवली. "म्हणजे त्या रंगाच्या कारखान्यामागे? तिथं टाकाऊ पाण्याचा कच्चा खड्डा आहे ना? पाणी कुठलं पिता?"

"विहिरीचं. चांगलं आहे, बाई. मासे आहेत त्यात."

"केव्हापासूनचे आहेत ते? त्यांना पिल्लं होतात?"

पिल्लू मी त्या विहिरीत कधी पाहिलं नव्हतं. आणि त्याच महिन्यात बायको गावाहून यायची होती, मुलीला घेऊन. मुलगी वर्षाचीही नव्हती. वरच्या दुधावर होती, आणि त्या दुधात पाणी पडणार ते याच विहिरीचं. मीच यायला कळवलं होतं. त्या दिवसापासून तांब्यातलं पाणी आधी उजेडाला धरून बघायला लागलो. येऊ नको म्हणावं, तर तिथं माझ्या भावजयीच्या हाताखाली तिचे हाल. ये म्हणावं, तर इथं हे.

बाईंनी खूण केलेले मासे आणि पिंजरा दिला. विहिरीत सोडू का, असं अम्माला विचारलं. ती म्हणाली, "सोड की. आमच्या हिरीला काय भ्या हाय?" पिंजरा सोडताना शेजारचा हातमागवाला कट्ट्यावर बसून बघत होता. "कोकण्या, कालवणाची सोय लई झ्याक केलीस की. मीठ-मसाला बी तितंच सोड." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो, पण कसनुसा.

आठवड्यानं पिंजरा वर काढला. मासे कसे, तर लखलखीत. बादलीत बोट घातलं की चौफेर पळत होते. मी जवळजवळ धावतच कॉलेजात गेलो. "बाई, विहीर चांगली आहे. आता बायकोला आणतो."

बाईंनी एक मासा ओल्या हातावर घेतला. दुसरा घेतला. मग सगळेच बघितले. "तब्येत उत्तम आहे," त्या म्हणाल्या, "पण हे आपले मासे नव्हेत."

एकाही शेपटीला खूण नव्हती. शेपट्या अखंड होत्या.

बाई मला रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "कुणी बदलले ते तुम्हाला कळेल. मला नाही कळायचं." विहीर अम्माच्या अंगणात, पहाटे तिथं तिच्याशिवाय कुणी नसतं; वाटेत मला कळलंच. पण विचारायचं कसं? जिच्या घरात राहतो, आजारी पडलो तर जी पेज करून देते, तिला तोंडावर काय म्हणायचं? खोली सोड म्हणाली तर ओळखीचं दुसरं दार नव्हतं.

अम्मा ओसरीवर चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. मी समोर बसलो. "अम्मा, पिंजऱ्यातले मासे बदललेस?"

चरखा थांबला नाही. "व्हय."

"का गं?"

"मेले हुते. तिसऱ्याच दिशी. तुझ्या बाईचे मासे आमच्या हिरीत मेले तर बाई तुला कामावरनं काढंल. म्हून दुसरे घातले." तिनं मान परसाकडे वळवली. तिथं पाणी साठवायची एक दगडी डोण होती, आणि तिच्यात बोटाएवढे मासे. मी ती रोज बघत होतो. हौस म्हणून पाळलेत, असं समजत होतो.

"आणि विहिरीतले?"

आता चरखा थांबला. हळूहळू तिनं सांगितलं. तिच्या सासूपासूनची चाल. मेलेला मासा विहिरीत दिसणं अशुभ, म्हणून बायका पाण्याला यायच्या आत तो काढायचा आणि नवा सोडायचा. सासूच्या काळी वर्षाकाठी एखादा मरायचा. दुष्काळापासून वरचेवर मरायला लागले. ती काढत गेली, घालत गेली. तिला वाटलं, डोणीतले मासे नाजूक निघाले, किंवा देवाचं काही चुकलं.

"अम्मा," मी म्हणालो, "माझी मुलगी यायची आहे. तिनं हे पाणी प्यायचं का, तू सांग."

तिनं चरखा बाजूला सारला. मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "बिड्डाला, ल्हान लेकराला, पाणी म्या दिऊ, आन् ते असलं?" पुढचं तेलुगूत होतं, मला कळलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतंही.

दुसऱ्या सकाळी ती विहिरीच्या काठावर उभी राहिली आणि आलेल्या बायकांना सगळं सांगितलं. एकीनं कळशी आपटली. "इतकी वर्सं आमास्नी माशे दावून पाणी पाजलंस व्हय?" अम्मानं उलट उत्तर दिलं नाही. फक्त म्हणाली, "आता मेलेले बी दावते. बघा."

पिंजरा पुन्हा सोडला. या खेपेला अम्मा स्वतः राखण करत बसली, आणि मासा मेला तरी कुणाला हात लावू देईना. काही मेले. उरलेले मी कॉलेजात नेले. बाईंनी कल्ला उचलून दाखवला. त्यावर राखाडी थर होता. हौदातल्या माशाचा कल्ला शेजारी धरला तर तो जास्वंदीसारखा लाल. बाईंच्या मते, खड्ड्यातलं पाणी मुरत विहिरीत येत असावं. कदाचित म्हणूनच ती दुष्काळात आटली नसेल. हे मी अम्माला सांगितलं नाही. आटली नाही याचा तिला फार अभिमान होता.

बाईंनी पालिकेला लिहिलं. माणसं आली, काठावर 'पिण्यास अयोग्य' रंगवून गेली. खड्ड्याचा वाद पुढं बरेच दिवस चालला. गल्लीच्या कोपऱ्यावर सार्वजनिक नळ होता, तिथं रांग लावून पाणी आणायचं. शेजारणी काही दिवस अम्माशी बोलत नव्हत्या. दारात पाणी होतं ते गेलं, आणि गेलं ते हिच्या बोलण्यानं, असंही म्हणत.

बायको आली तेव्हा मुलगी वाटेतच तापली होती. दूध पाजायचं तर घरात पाणी नाही, मी कामावर. अम्मा रांगेत उभी राहून कळशी घेऊन आली. तिचे गुडघे धरलेले असतात, दोन पायऱ्या चढताना भिंतीला हात लावावा लागतो. तिनं पाणी गाळलं, उकळलं, थंड केलं, आणि मुलीला मांडीवर घेऊन चमच्यानं पाजलं. बायकोला म्हणाली, "भिऊ नगं. ह्ये नळाचं हाय."

आता मी कॉलेजात कायम झालो आहे. आमचं पाणी मी भरतो आणि अम्माचंही भरतो, पण मी घरी नसेन त्या दिवशी ती अजून कळशी उचलतेच, कितीही सांगितलं तरी. माझ्या मुलीसाठी तिनं दारातलं पाणी सोडलं. तिच्या अंगणात नळ आणायचा, तिच्या ओसरीपासून हाताच्या अंतरावर, हे देणं माझ्याकडे आहे. अर्ज, खोदाई, जे लागेल ते करीन. अम्माला हे बोललो नाही. बोललो तर नको म्हणेल. पण ती आहे तोवर करीन.